भुतांच्या रात्री बॅटमॅन

गेल्या महिन्यात वहिनीने माझ्याकडे एक पुस्तक पाठवले. सोबत निरोप होता : "वन्सं, तुम्ही हे आधी वाचा आणि मग मला सांगा, पोराच्या हाती द्यायचे की नाही."

पुस्तक म्हणजे चक्क कॉमिक्स! इंग्रजी, रंगीत, आणि नाव 'बॅटमॅन : हॉन्टेड नाइट'. आतल्या कोऱ्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने किंमत लिहिलेली, म्हणजे फोर्टच्या फुटपाथवरची खरेदी. दादाच्या कपाटात ते निघाले. दादाला जाऊन आता दोन वर्षे होतील. त्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, आणि बाबांच्या कपाटातली वस्तू म्हणून त्याने या पुस्तकासाठी हट्ट धरला आहे.

वहिनीला शंका यावी यात नवल नव्हते. चित्रांतला काळोख, दात विचकणारी तोंडे, थडगी हे तर होतेच. पण तिची खरी भीती वेगळी होती. या बॅटमॅनचे मूळ दुःख आता जगजाहीर आहे. गॉथम नावाच्या शहरातला ब्रूस वेन हा श्रीमंताचा मुलगा. त्याच्या लहानपणी एका दरोडेखोराने त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबापांना गोळ्या घातल्या. मोठा होऊन तो वटवाघळाचा वेश करून रात्री गुन्हेगारांमागे हिंडू लागला, आणि ती पहिली रात्र काही त्याच्या मनातून सरली नाही. बाप गेलेल्या मुलाला ही गोष्ट द्यावी का?

चित्रकथांबद्दल मत देण्याचा माझा अधिकार म्हणाल तर बेताचाच. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधल्या फँटमसाठी दादाशी केलेल्या मारामाऱ्या, एवढेच माझे शिक्षण. तेव्हा आधी थोडी चौकशी केली. बॅटमॅनचा जन्म १९३९ चा. चित्रकार बॉब केन आणि लेखक बिल फिंगर यांनी त्याला घडवले. पण पुढे कितीतरी वर्षे नाव लागत असे ते एकट्या केनचे. फिंगरचे नाव जोडीला यायला २०१५ साल उजाडले. तोवर बिचारा फिंगर जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली होती.

माझ्या हातातले पुस्तक मात्र बरेच अलीकडचे. १९९३, १९९४ आणि १९९५ अशी तीन वर्षे हॅलोविनच्या निमित्ताने बॅटमॅनचा एकेक खास अंक निघाला. त्या तिन्ही कथा एकत्र करून १९९६ मध्ये हा संग्रह झाला. लेखक जेफ लोब, चित्रकार टिम सेल. पुस्तकाच्या नावातच एक कोटी आहे. इंग्रजीत 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे चिलखती वीरही. लिहिताना फरक, बोलताना नाही. आपल्या देवनागरीत तर लिहितानाही नाही!

हॅलोविन हा सण ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा. त्याचे मूळ आयर्लंडकडच्या जुन्या हिवाळी सणात आहे. त्या रात्री मेलेल्यांचे जग आणि जिवंतांचे जग यांच्यामधले दार किलकिले होते, अशी समजूत. आयरिश माणसे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली, तशी ही रात्रही त्यांच्याबरोबर गेली. मायदेशी सलगम कोरून दिवे करीत, तिकडे भोपळे मिळाले. आज मुले भुतांचे वेश करून दारोदार खाऊ मागतात. आपले पितर भाद्रपदात येतात आणि मुकाट्याने जेवून जातात, तिकडचे दारावर धक्के मारतात, एवढाच काय तो फरक!

बॅटमॅनला ही रात्र सोयीची, कारण वर्षातून एकदाच त्याचा वेश रस्त्यावर विचित्र दिसत नाही. पण लोबने नेमके उलटे केले आहे. सगळे गाव एका रात्रीपुरता मुखवटा चढवते आणि सकाळी काढून ठेवते. या एका माणसाला तो काढता येत नाही. तिन्ही कथांच्या बुडाशी हीच एक गोष्ट आहे.

पहिल्या कथेत स्केअरक्रो, म्हणजे बुजगावणे, नावाचा खलपुरुष आहे. माणसांना भयाने वेडे करणे हा त्याचा धंदा. तो बॅटमॅनला विषारी काट्यांच्या चक्रव्यूहात अडकवतो. इकडे दिवसाउजेडी ब्रूस एका मोहक बाईच्या प्रेमात पडतो. हे सगळे सोडून तिच्याबरोबर निघून जावे, इथपर्यंत त्याची मजल जाते. मग घरातला म्हातारा सेवक आल्फ्रेड तिची माहिती काढतो आणि बाईचे पूर्वचरित्र बाहेर येते. ही कथा मला फिकी वाटली. त्या बाईला लेखकाने माणूस म्हणून उभेच केलेले नाही. ती येते ती नायकाला मोह पाडायला आणि जाते ती कथा संपवायला. आल्फ्रेड मात्र फर्मास आहे. ज्या घरात आईबाप नाहीत, तिथे मुलासाठी स्थळाची चौकशी करायला असा कोणीतरी लागतोच.

तिसरी कथा आधी सांगते. तिचा सांगाडा चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मधल्या 'अ ख्रिसमस कॅरल'चा आहे, आणि लेखकाने तो लपवलेलाही नाही. नाताळऐवजी हॅलोविन, कवडीचुंबक म्हाताऱ्याऐवजी ब्रूस वेन. आधी बापाचे भूत मुलाला सावध करायला येते. मग भूतकाळ दाखवायला पॉयझन आयव्ही ही विषवल्लीसारखी बाई, वर्तमान दाखवायला जोकर आणि भविष्य दाखवायला साक्षात मृत्यू, जो खुद्द बॅटमॅनचेच भूत निघतो. कल्पना चतुर आहे, पण उसन्या दागिन्यासारखी ती अंगावर जरा सैल बसते. डिकन्सच्या म्हाताऱ्याने लोकांना छळलेले असते, त्याचे डोळे उघडणे भागच होते. ब्रूसचा अपराध काय? तर लोकांसाठी राबताना तो स्वतः जगायचे विसरला. त्यासाठी चार चार भुतांनी व्याख्यान द्यावे, हे मला जास्तच वाटले. पण बापाचे भूत येते ते पान मी उलटवू शकले नाही. पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला आणि मगच पुढे वाचले.

आता मधली कथा. या एका कथेसाठी पुस्तक घ्यावे, असे माझे मत आहे. हिच्यातला खलपुरुष मॅड हॅटर, म्हणजे चक्रम टोपीवाला. लुईस कॅरलच्या १८६५ सालच्या 'ॲलिस'च्या पुस्तकाने त्याचे डोके फिरलेले. हॅलोविनच्या रात्री तो मुले पळवतो, त्यांना त्या पुस्तकातल्या पात्रांचे कपडे चढवतो आणि चहापानाला बसवतो. पोलीस अधिकारी गॉर्डनची मुलगी बार्बरा घरातून रागावून निघालेली असते. तीही त्याच्या तावडीत सापडते.

इथवर नेहमीचेच. पण लहानपणी ब्रूसला त्याची आई हेच 'ॲलिस' वाचून दाखवीत असे! आता पाहा, टोपीवाल्याने केवळ मुले चोरलेली नाहीत. आईच्या आवाजातले पुस्तकच त्याने पळवले आहे आणि त्याचे विडंबन मांडले आहे. आईची जी एक आठवण खुनाच्या रात्रीपासून अलग, स्वच्छ राहिली होती, तिच्यातच हा गडी चिखलाचे पाय घेऊन शिरला आहे. ही मारामारी वाचताना प्रथमच मला बॅटमॅनचा राग कळला. एरवी कॉमिक्समधला राग मला नळावरच्या भांडणाइतकाच खरा वाटतो.

यात अर्ध्याहून अधिक श्रेय चित्रांचे. टिम सेल पानभर काळी शाई ओततो आणि तिच्यात चेहऱ्याएवढा उजेड ठेवतो. टोपीवाल्याची टोपी त्याच्याहून मोठी, जोकरच्या तोंडात मावतील त्याहून जास्त दात. या माणसाला रंगांधत्व होते! तो काळ्या-पांढऱ्यात काढी आणि रंग ग्रेगरी राइट भरी. कदाचित म्हणूनच त्याचा काळोख इतका सकस आहे. २०२२ मध्ये सेल वारला. याच जोडीने पुढे १९९६-९७ मध्ये 'द लाँग हॅलोविन' ही तेरा भागांची मालिका केली. जाणकार तिचेच नाव आधी घेतात. मला हे धाकटे पुस्तक अधिक जवळचे वाटते.

वहिनीच्या शंकेचे उत्तर अजून बाकीच होते. तिची शंका काही नवी नाही, बरे का. फ्रेडरिक वर्थम नावाच्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ मध्ये कॉमिक्स मुलांना बिघडवतात असे पुस्तक लिहून मोठी खळबळ उडवली. प्रकरण अमेरिकेच्या सिनेटपर्यंत गेले. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःच आचारसंहिता करून घेतली. रक्तपिपासू भुते बंद, माणसाचा लांडगा होणे बंद, अंकाच्या नावात 'भयानक' म्हणणेही बंद! १९७१ मध्ये हे नियम सैल झाले, आणि बॅटमॅनच्या प्रकाशकांनी ती संहिता साफ सोडली ती २०११ मध्ये. वर्थमची काळजी खरी होती, पण भूत पाहून मूल घाबरते एवढेच त्याला दिसले. घरात आधीच कुणाची तरी जागा रिकामी असेल, तर भुताकडे ते मूल कसे पाहते, याचा हिशेब त्या संहितेत नव्हता.

मी वहिनीला फोन केला. म्हटले, "दे त्याला. पहिली गोष्ट त्याला कंटाळवाणी वाटेल, तिसरी तू जवळ असताना वाचू दे."

"आणि मधली?"

"मधली तूसुद्धा वाच."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. चिरंजीव पलंगावर पालथे पडून वाचीत होते. जेवणे झाली तरी त्याने पुस्तकाचे नाव काढले नाही, आणि मीही विचारले नाही. पाने वाढून ठेवावीत तशी विड्यांची तयारी चालली होती, तेवढ्यात तो म्हणाला, "आत्या, बाबा मला काय वाचून दाखवायचे गं? मला नीट आठवत नाही."

वहिनी आणि मी एकमेकींकडे पाहिले, आणि आधी तिला हसू फुटले. दादाला गोष्टी सांगता येत नसत. पोराला झोपवायला तो रेल्वेचे वेळापत्रक मोठ्याने वाची. कर्जत, लोणावळा, पुणे, दौंड; येण्याची वेळ, सुटण्याची वेळ. दौंड येईपर्यंत पोरगा झोपलेला असे, आणि पुष्कळदा बापही.

"खोटं!" तो म्हणाला.

"खोटं कशाला?" वहिनी म्हणाली, आणि स्टूल ओढून कपाटाचा वरचा खण उघडू लागली.