दातांसाठी दूध, पण आधी पाणी तपासा

चिलीची राजधानी सांतियागोच्या दक्षिणेला कोदेग्वा नावाचं शेतीवाडीचं गाव आहे. तिथल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारी पोषण योजनेतून दूधभुकटी आधीपासूनच मिळत होती. 1994 मध्ये त्याच भुकटीत फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. आयांना नवं काही शिकावं लागलं नाही, वेगळी गोळी लक्षात ठेवावी लागली नाही. 1999 पर्यंत, तीन ते सहा वयोगटात एकही दात न किडलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे 22 टक्क्यांवरून 48 टक्क्यांवर गेलं. त्या वर्षी फ्लोराइड थांबलं. 2002 मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कीड पुन्हा वाढलेली दिसली.

ही उलटी चाल समजण्यासारखी आहे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरला की दाताच्या इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ ती झीज भरून काढते. लाळेत किंचित फ्लोराइड असेल, तर भरून आलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. ही झीज आणि भर दिवसातून अनेकदा चालते, त्यामुळे फ्लोराइडही रोज, थोडं थोडं मिळत राहावं लागतं. म्हणूनच वर्षातले किमान दोनशे दिवस तरी दूध मुलापर्यंत पोहोचावं, अशी अपेक्षा दुधातून फ्लोराइड देणाऱ्या कार्यक्रमांत धरली जाते. सुट्ट्या, गैरहजेरी, दूध न आवडणारी मुलं, हे सगळं आधीच हिशेबात घ्यायला हवं.

दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवणार नाही का? शंका रास्त आहे. ताज्या दुधात मात्रा इतकी कमी असते की बरंचसं फ्लोराइड मोकळंच राहतं. भुकटी मात्र महिनोन्‌महिने साठवली जाते. म्हणून कोदेग्वात सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरलं. त्यात फ्लोराइड फॉस्फेटला घट्ट जोडलेलं असतं आणि कॅल्शियमच्या हाती सहज लागत नाही.

खरी कसोटी मोजमापाची. 200 मिलिलिटर दुधातून मुलाला अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड द्यायचं, तर 1000 लिटरच्या टाकीला सोडियम फ्लोराइड लागतं जेमतेम साडेपाच ग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकलं, तर हजारो मुलांच्या पोटात दहापट मात्रा जाते. त्यामुळे डेअरीत प्रत्येक घाण्याची तपासणी आणि मुलांच्या लघवीतल्या फ्लोराइडची मोजणी यांचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात हवा. पैसे कमी पडले म्हणून तपासणी गाळायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कार्यक्रम हाती घेऊ नये.

पालकांची संमतीही तितकीच महत्त्वाची. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलमध्ये 2016 पासून प्राथमिक शाळांच्या न्याहारीत फ्लोराइड घातलेलं दूध देण्यात आलं. ज्या पालकांना ते नको, त्यांच्या मुलांना साधं दूध मिळायचं.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली, तीही जेमतेम 180 मुलांची. दुधाच्या दातांना फायदा दिसला, पण पुरावा कमी दर्जाचा ठरला. कोदेग्वाचे आकडे आशादायक आहेत. मात्र तिथे मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झालेली नव्हती, हे विसरता येत नाही.

आणि सगळ्यात आधी पाणी. कोदेग्वाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य होतं, म्हणून दुधातून देणं सयुक्तिक ठरलं. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत उलट परिस्थिती आहे. तिथे बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडंही दुखावतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत सूट आहे. त्या गावांत दुधात आणखी फ्लोराइड घालणं म्हणजे मुलांना इजा करणं होईल. तिथे गरज आहे ती फ्लोराइड काढून टाकलेल्या पाण्याची. शेजारच्याच गावात विहिरीचं पाणी वेगळं असू शकतं, म्हणून जिल्ह्याची सरासरी उपयोगाची नाही. आपल्या गावच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, हे ग्रामपंचायतीकडे लेखी विचारा, आणि मुलाला दंतवैद्याकडे नेताना तो आकडा सोबत न्या.