अर्धं घर दाराबाहेर!

शिराळ्याची ख्याती नागांची. समुद्राशी आपला संबंध काय तो बाजारातल्या सुकट-बोंबलापुरता. पण हा बोंबील घाट चढण्याआधी कुणाच्या तरी दारात टांगलेला असतो, आणि कोळ्याच्या घराची गंमत तिथेच आहे.

ओल्या बोंबलात जवळपास ९० टक्के पाणी. वाळवायला जमिनीवर पसरला तर त्याचा लगदाच! म्हणून वर्सोवा, अर्नाळ्याकडे बांबूच्या वलांड्या उभ्या करतात. बांधाबांधीची भानगडच नाही: एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात असे मेल्यावरही कामाला येतात.

आत जुनी मांडणी साधी. ओटी, माजघर, मागे चूल. कुडाच्या भिंती, वर झावळ्या. चार पैसे आले की मंगळुरी कौलं. पण सगळी उलाढाल ओटीवर आणि अंगणात. जाळी विणायची तिथे, मासळी निवडायची तिथे. सुती आणि तागाची जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. पुढे नायलॉन आलं आणि तो काढा सुटला. पावसाळ्यात दर्यातली होडीही दाराशी येऊन बसते, ती नारळी पौर्णिमेपर्यंत.

मुंबईत तर कोळीवाडा जागेवरच राहिला आणि समुद्र निघून गेला! भराव पडत गेले, मांडवी आणि डोंगरीचे कोळीवाडे गर्दीत बुडाले. सायन कोळीवाड्याचं रेल्वे स्टेशन आता गुरु तेग बहादुर नगर. 'प्रॉन्स कोळीवाडा' या पदार्थाचं श्रेय मात्र फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाब्यांना देतात. कोळणीला विचारून बघा, ती हसेल.

घर मोजणाऱ्यांना भिंती दिसतात, वलांडीची जागा रिकामी वाटते. त्यामुळेच काही कोळीवाड्यांवर झोपडपट्टीचा शिक्का बसू लागला, तेव्हा कोळी खवळले. वरळीकर तर थेट पुलाच्या खांबांशी भांडले. किनारी रस्त्याच्या दोन खांबांमध्ये ६० मीटरची वाट ठेवली होती. उधाणात होड्या आपटतील, असं त्यांचं म्हणणं. २०२२ च्या अखेरीस सरकारने मानलं आणि वरळीच्या क्लीव्हलँड बंदरासमोरचं अंतर १२० मीटर झालं.