चौकातला क्रूस, घरातली वेदी

वांद्र्याच्या रानवर किंवा चिंबई गावठाणातून, नाहीतर माझगावच्या माथारपाखाडीतून चालत गेलात तर वळणावळणावर दगडी क्रूस दिसतात. कुठे घराच्या कुंपणाला टेकलेला, कुठे तीन गल्ल्या जिथे मिळतात तिथे. मुंबईच्या ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या गावठाणांतले असे बरेच क्रूस प्लेगच्या साथीत उभे राहिले. कोणी नवस म्हणून उभारला, कोणी वाचल्याची कृतज्ञता म्हणून. ही साथ मुंबईत पहिल्यांदा ओळखली ती डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा आजही मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे.

साथ आटोपली तरी क्रूस राहिले, आणि त्यांच्याभोवतीचा रिवाजही राहिला. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतली माणसे क्रूसाला हार घालतात, मेणबत्त्या लावतात, रोझरी म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. या प्रार्थनेला फादर हजर असायलाच हवेत असे नाही. गल्लीतली एखादी म्हातारी बाई ती सहज चालवते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने महाराष्ट्रातल्या चर्चची दारे बंद केली. त्या काळाची गोष्ट सांगताना बहुतेक जण एवढेच सांगतात, की मिस्सा यूट्यूबवर गेली आणि भाविक पडद्यासमोर बसले. हे घडले, पण ही अर्धीच गोष्ट आहे. माझ्या मते, मंडळीला त्या दीड वर्षात सावरून धरले ते प्रामुख्याने पडद्याने नाही. मागच्या साथींनी जी जुनी वाट पाडून ठेवली होती, तिनेच ती सावरली. ही वाट घरातली आणि वस्तीतली.

मिलानपासून मुंबईपर्यंत

चर्च बंद ठेवण्याचा निर्णय ख्रिस्ती इतिहासाला नवा नाही. इटलीतील मिलानमध्ये १५७६ साली प्लेग आला, तेव्हा लोकांना घराबाहेर पडायला मनाई झाली. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या मांडल्या, म्हणजे माणसाला आपल्या खिडकीतून मिस्सेत सहभागी होता यावे. दिवसातून सात वेळा घंटा व्हायची आणि घराघरांतून एकाच वेळी प्रार्थना सुरू व्हायची. लोक वेदीकडे जाऊ शकत नव्हते, म्हणून वेदी लोकांकडे आली. वांद्र्यातला क्रूस आणि मिलानची रस्त्यावरची वेदी यांत तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींमागची युक्ती एकच आहे.

रोमनेही २०२० मध्ये या स्मृतीचा आधार घेतला. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहिले. त्यांच्या मागे सान मार्चेल्लो चर्चमधला क्रूस ठेवला होता. १५२२ च्या प्लेगमध्ये हाच क्रूस रोमच्या रस्त्यांवरून मिरवला गेला होता.

आणखी एक धागा थेट आपल्या कायद्यात आहे. मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी ब्रिटिशांनी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्बंध लावले तेव्हाही याच कायद्याचा आधार घेतला.

काय हलवता आले, काय नाही

साथीच्या सुरुवातीलाच काही बदल झाले. दाराशी असलेली पवित्र पाण्याची भांडी रिकामी झाली. कम्युनिअन जिभेवर न देता हातावर दिले जाऊ लागले. मिस्सेत शांतीचा अभिवादन-विधी असतो. युरोप-अमेरिकेत तिथे हस्तांदोलन करतात, मिठी मारतात, आणि आता त्याऐवजी काय करायचे असा प्रश्न तिथे पडला. भारतीय चर्चला तो पडला नाही, कारण आपल्याकडे शांती हात जोडूनच दिली जाते. भारतीय उपासनेतल्या बारा अनुकूलनांना रोमने एप्रिल १९६९ मध्ये मान्यता दिली होती, त्यांत हा नमस्कारही होता.

खरी अडचण संस्कारांची होती. प्रवचन ऐकता येते, रोझरी फोनवर म्हणता येते, पण कॅथलिक शिकवणीनुसार संस्कार प्रत्यक्ष देहाच्या उपस्थितीतच होतो. तेल कपाळाला लागले पाहिजे, पाणी डोक्यावर पडले पाहिजे, भाकर हातात आली पाहिजे. फोनवर पापनिवेदन चालत नाही. म्हणून २० मार्च २०२० रोजी रोमने गंभीर गरजेच्या प्रसंगी सामुदायिक पापक्षमेची मुभा असल्याचे स्पष्ट केले, आणि आजारी व त्यांची सेवा करणारे यांच्यासाठी विशेष कृपादान जाहीर केले. ज्यांना कम्युनिअन घेता येत नव्हते त्यांना ‘आध्यात्मिक कम्युनिअन’ म्हणजे मनाने केलेली याचना सांगितली गेली. ती अठराव्या शतकातल्या संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या प्रार्थनेमुळे घरोघरी आधीपासून माहीत होती.

पवित्र आठवड्याचे नियमही बदलले. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक चर्चच्या आतच झाली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी वगळला. उत्तम शुक्रवारी रुग्ण, मृत आणि भयग्रस्तांसाठी एक खास प्रार्थना जोडली गेली. १२ एप्रिल २०२० च्या ईस्टरला बाके रिकामी होती आणि मेणबत्ती पेटवणारे हात मोजकेच.

प्रोटेस्टंट मंडळ्यांपुढचा प्रश्न थोडा वेगळा होता. त्यांच्या उपासनेत वचन आणि गीत यांना मोठे स्थान असल्याने ती पडद्यावर लवकर गेली. प्रभुभोजनाबाबत मात्र एकमत झाले नाही. काही पाळकांनी कुटुंबाला आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षरस ठेवायला सांगितले, काहींनी पुन्हा एकत्र येईपर्यंत थांबणे पसंत केले. यांतल्याच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली होती. तिचे सुवर्णमहोत्सवी वर्ष नेमके याच काळात आले.

पडदा आणि त्याची मर्यादा

मिस्सेचे प्रक्षेपणही तसे जुनेच. पोप पायस बारावे यांनी १९५७ च्या परिपत्रकात सांगितले होते, की रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवरची मिस्सा प्रत्यक्ष उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या पाठीराख्या संत ठरवले. क्लारा आजारी पडून अंथरुणाला खिळल्या होत्या आणि नाताळची मिस्सा त्यांना खोलीत बसून दिसली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे आजारी माणसासाठी दूरची मिस्सा ही सोय चर्चला आधीपासून मान्य होती. २०२० मध्ये सगळा समाजच त्या आजारी खोलीत आला.

९ मार्च ते १७ मे २०२० या काळात पोप फ्रान्सिस यांची व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासातली रोजची मिस्सा जगभर थेट दाखवली गेली. पण १७ एप्रिलच्या प्रवचनात त्यांनीच सावध केले, की पडद्यावरची ही जवळीक बोगद्यातून बाहेर येण्यापुरतीच आहे, तिथेच मुक्काम करण्यासाठी नाही.

आपल्याकडे पडद्याचा फायदा झाला तो दूर गेलेल्यांना. आखातात किंवा कॅनडात राहणाऱ्या वसईकराला आपल्या धर्मग्रामातली मिस्सा आपल्या भाषेत, ओळखीच्या फादरांच्या आवाजात ऐकता आली. वांद्र्याच्या माऊंट मेरीची सप्टेंबरातली जत्रा २०२० मध्ये भरली नाही, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना मात्र घरोघरी पोचली. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त ३ डिसेंबर २०२० ला भाविकांच्या गर्दीविना झाले. पण नोव्हेना पडद्यावर गेली म्हणून माऊंट मेरीच्या पायथ्याशी मेणाचे हात, पाय आणि घरे विकणाऱ्यांचा धंदा पडद्यावर जाऊ शकला नाही. शिवाय ज्या आजीकडे स्मार्टफोन नव्हता, तिच्यासाठी रविवार हरवलाच.

गाण्याचेही असेच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची तालीम झाली. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. त्याचा अहवाल मे महिन्यात आला आणि जगभरच्या चर्चचे वृंद गप्प झाले. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेल्या मराठी मंडळीला टाळ-तबल्याशिवायची उपासना सुनी वाटली असणार. दारे उघडली तेव्हाही मुखपट्टीआडून, हळू आवाजात गावे लागले.

हे केवळ ख्रिस्ती मंडळीच्या वाट्याला आले असे नाही. त्याच वर्षी आषाढी वारीत संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव झाला. गर्दी हाच ज्या भक्तीचा श्वास, तिला गर्दीविना जगायला शिकावे लागले.

वस्तीचे जाळे

मग मंडळी टिकली कशी? मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकात बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने लहान ख्रिस्ती समूहांची रचना उभी राहिली. एका धर्मग्रामातल्या शेजारच्या काही घरांचा एक गट, त्याचा स्थानिक चालक, आणि कुणाच्या तरी घरी बायबलवाचन. एरवी या बैठकींना येणाऱ्यांची संख्या पाहून फादरांना उसासा टाकावा लागे. टाळेबंदीत मात्र हीच रचना कामाला आली. कोणत्या इमारतीत कोण एकटे राहते, कोणाची गोळी संपली, कोणाचा पगार थांबला, हे धर्मग्रामाच्या कार्यालयाला ठाऊक नव्हते. ते गटाच्या बाईला ठाऊक होते. तिच्याकडच्या नावांची यादी हाच चर्चचा त्या काळातला खरा दस्तऐवज होता.

१८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम यांनी स्थापलेली सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी आपल्याकडच्या धर्मग्रामांत पिढ्यान्‌पिढ्या काम करते आहे. घरी जाऊन गरजूची विचारपूस करणे हा तिचा मूळ नेम. घरी जाणेच बंद झाल्यावर विचारपूस फोनवर आली आणि शिधा दाराबाहेर ठेवला जाऊ लागला.

लग्नाचेही गणित बदलले. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी बँड वाजवत उंबराचं पाणी आणायला सगळे गावठाण निघते. सरकारी मर्यादा होती लग्नाला ५० माणसांची, अंत्यविधीला २० ची. पन्नासांत गावठाण मावत नाही. काही जोडप्यांनी तारीख पुढे ढकलली, काहींनी घरच्यांपुरते लग्न लावले.

माती की अग्नी

सगळ्यांत कठीण प्रसंग मृत्यूचा. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले, की कोविडने मृत्यू पावलेल्या प्रत्येकाचे दहनच करावे. त्याच दिवशी ते बदलले गेले आणि पुरेशी जागा असलेल्या दफनभूमींत दफनाला परवानगी मिळाली. वांद्र्यातील दफनभूमीत असे दफन होऊ नये म्हणून उच्च न्यायालयात याचिका गेली. २२ मे २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा गाभा. हा खटला मुस्लिम कब्रस्तानांभोवतीचा होता, पण त्याचा आधार ख्रिस्ती कुटुंबांनाही मिळाला. हा आधार किती गरजेचा होता ते चेन्नईने दाखवले होते. तिथे एप्रिलमध्ये एका ख्रिस्ती डॉक्टरांच्या दफनाला जमावाने दगडफेक करून विरोध केला.

दुसरीकडे काही धर्मप्रांतांनी स्वतःहून अग्नीचा पर्याय खुला केला. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ पासून परवानगी दिलेली आहे, अस्थी पवित्र ठिकाणी ठेवाव्यात एवढीच अपेक्षा. केरळच्या आलप्पुळा धर्मप्रांतात पाणथळ जमीन, खोल खड्डा खणणे अशक्य. तिथे २८ जुलै २०२० रोजी चर्चच्या आवारातच कोविडने दगावलेल्यांचे दहन झाले आणि अस्थी त्याच दफनभूमीत पुरल्या गेल्या. ५ जुलै २०२१ रोजी आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांचे वांद्र्याच्या रुग्णालयात न्यायालयीन कोठडीत निधन झाले. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर चर्चमध्ये मोजक्यांच्या उपस्थितीत मिस्सा झाली, हजारोंनी ती पडद्यावर पाहिली, आणि कोविडच्या नियमांनुसार त्यांचे दहन झाले.

दारे उघडल्यावर

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली. नाताळला रात्रीची संचारबंदी आल्याने मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी झाली. व्हॅटिकनमध्येही ती त्या वर्षी साडेसातला होती. ४ एप्रिल २०२१ ला ईस्टर होता आणि त्याच दिवशी मंत्रिमंडळाने नवे निर्बंध जाहीर केले. दारे पुन्हा बंद झाली ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला उघडली.

या दोन वर्षांतून चर्चने काय शिकावे? माझे उत्तर सरळ आहे. कॅमेरा ठेवावा, तो अंथरुणावरच्यांसाठी आणि परदेशातल्यांसाठी उपयोगी आहे. पण पैसा आणि माणसे गुंतवायची तर ती वस्तीच्या गटांत गुंतवावीत. पुढची साथ येईल तेव्हा प्रक्षेपणाची सोय दोन दिवसांत उभी राहील. एकट्या माणसांची यादी मात्र दोन दिवसांत तयार होत नाही.

आणि एक विनंती वाचकांना, विशेषतः वसई, वांद्रे, माझगाव, अहिल्यानगर, पुणे इथल्या धर्मग्रामांतल्या आणि मंडळ्यांतल्या. प्लेगच्या काळात कोणी कोणाला जेवण पोचवले, हे क्रूसावरच्या सालावरून कळत नाही. चर्चच्या मृत्युनोंदवहीत फक्त नाव आणि तारीख राहते. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांनी फोन केले, शिधा उचलला, पीपीई घालून शवपेटी खांद्यावर घेतली, ती माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याशी बोला, त्यांच्या आठवणी लिहून घ्या आणि धर्मग्रामाच्या दप्तरात जमा करा. हे काम पुढच्या पिढीवर सोडू नका, कारण तेव्हा सांगणारे उरलेले नसतील.