कान वाहतोय, पण दुखत नाही ना?

सर्दी-खोकल्याची साथ आली की मागोमाग आमच्या दवाखान्यात कानाची मुलं येतात. "कान फुटलाय सिस्टर, पण तो दर पावसाळ्यात फुटतोच," असं आई सहज सांगते. मला काळजी वाटते ती या 'फुटतोच'ची.

पडद्यामागच्या मधल्या कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागे उतरते. लहान मुलांत ती आखूड आणि बरीच आडवी असते, त्यामुळे सर्दीतले जंतू सहज वर चढतात. आत पू साठतो, ताप येतो, कान ठणकतो. तान्हं बाळ कान ओढतं, दूध सोडून रडतं. दाब वाढून पडदा फुटला की पू वाहतो आणि ठणका थांबतो. इथेच फसगत होते: दुखणं गेलं म्हणजे कान बरा झाला, असं घरच्यांना वाटतं. वेळेवर औषध मिळालं तर पडदा बहुधा भरून येतो. पण १४ दिवसांहून जास्त वाहणारा कान जुना समजतात. भोक तसंच राहून ऐकू कमी येऊ शकतं. कधी पू न येता पडद्यामागे नुसतं पाणी साठतं. तेव्हा मूल दुखतं म्हणत नाही, फक्त कमी ऐकतं.

सातपुड्यातल्या मुलाच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, शाळेत मराठी. ते गप्प बसलं की गुरुजींना वाटतं, भाषा कळत नाही. कान कोणी पाहत नाही आणि मूल 'मठ्ठ' ठरतं. मागून हाक मारून पाहा, एवढंच मी शिक्षकांना सांगते.

वाहत्या कानात तेल, लसणाचा रस, दूध काहीही घालू नये. काडी, हेअरपिन तर नकोच. स्वच्छ सुती कापडाची मऊ वात करून कानाच्या तोंडाशी हलकेच ठेवावी, भिजली की बदलावी. दिवसातून तीनदा, कान कोरडा होईपर्यंत. ओढ्यात डुंबणं बंद. बाटली चोखत झोपणारं बाळ, बंद घरातला चुलीचा किंवा विडीचा धूर यांनीही कान बिघडतात. हे आपल्या शहरातल्या घरांनाही लागू आहे. अंगावरचं दूध आणि न्यूमोकोकल लस यांनी थोडं संरक्षण मिळतं.

कानामागे सूज आली, चेहरा वाकडा झाला, मान ताठली किंवा उलट्यांसह मूल झोपाळलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. बाकी तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. भरून न आलेलं भोक शस्त्रक्रियेने बुजवता येतं. तोवर मुलाला पहिल्या बाकावर बसवावं, चांगला कान गुरुजींकडे करून.