भाड्यासाठी घर घेताय? आधी हे गणित सोडवा



मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षक खोलीत दोनच विषय असतात, बदल्या आणि प्लॉट. कुणी पिंप्राळ्याकडे एन.ए. प्लॉट पाहून आलेला असतो, कुणाला धुळ्याला देवपुरात फ्लॅट घ्यायचा असतो. कारण उघड आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत आलेल्या शिक्षकांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन योजना नाही. त्यामुळे "निवृत्तीनंतर भाडं येत राहील" हा विचार अनेकांच्या मनात पक्का बसला आहे. विचार चुकीचा नाही, पण तो कागदावर मांडून पाहणारे फार थोडे. आपण आज तेच करू या. शेकडेवारी आपण मुलांना शिकवतोच.

समजा, फ्लॅट ३० लाखांचा आणि भाडं महिना ९,००० रुपये. (आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या कॉलनीतले आकडे तुम्ही घाला.) वर्षाचे १,०८,००० रुपये झाले, म्हणजे ३.६ टक्के. पण भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामं राहतंच. मग हातात आले ९९,०००. त्यातून घरपट्टी ८,०००, सोसायटीचा देखभाल खर्च १२,००० आणि रंग-नळ-किरकोळ दुरुस्ती ७,००० वजा करा. उरले ७२,०००. तीस लाखांवर हे फक्त २.४ टक्के! बँकेची साधी मुदत ठेव याहून जास्त व्याज देते.

आता कर्ज काढून घेतलं तर? २० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण १८,००० रुपये बसतो. भाडं ९,०००. उरलेले ९,००० दर महिन्याला पगारातूनच जाणार. "भाड्यातून हप्ता फिटेल" असं सांगणाऱ्याला हे गणित फळ्यावर मांडून दाखवायला सांगा. जागेची किंमत वाढेल हा भरवसा वेगळा. ती वाढेलही, पण ती किंमत घर विकल्यावरच हातात येते आणि निवृत्तीनंतरचा किराणा दर महिन्याला लागतो.

याउलट स्वतःच्याच घरावर बाथरूमसह दोन खोल्या काढल्या, खर्च ८ लाख, प्रत्येकीचं भाडं ३,०००, असं धरू. अकरा महिन्यांचे ६६,०००. दहा हजार खर्च गेला तरी ५६,००० उरतात, म्हणजे ७ टक्के. जमीन आपलीच असल्याने तिची किंमत यात धरलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी फरक डोळ्यात भरतो. बांधकामाची परवानगी मात्र आधी घ्या.

भाडेकरू कोण येणार, हे घर घेण्याआधी ठरतं. बांभोरीकडे विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे विद्यार्थी येतील. जळगावच्या एम.आय.डी.सी.जवळ कामगार कुटुंबं, देवपुरात शिकणारी मुलं आणि नोकरदार. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये रस्ताच नसेल, तर भाडेकरू कसा येईल? त्यात आपला उन्हाळा! पारा ४५ च्या आसपास गेला की वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली मे महिन्यात रिकामी होते. आणि आपल्याकडे भाडेकरूचा पहिला प्रश्न "पाणी किती दिवसाआड येतं?" हा असतो. टाकी मोठी बांधलेली असेल तर निम्मं बोलणं तिथेच संपतं.

आता कराराकडे वळू. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीसाठी आहे. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरे" असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसं न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून महत्त्वाचं म्हणजे करारच नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात पडतं.

आणि खर्च तरी किती? लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. वरच्या उदाहरणात ते अडीचशे रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे सगळं ऑनलाइन होतं. राहत्या घराच्या अशा कराराची मुदत संपल्यावरही कुणी जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोपर्यंत दुप्पट भाडं मागता येतं.

मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न किती चिघळू शकतो हे जळगावकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. महात्मा फुले मार्केट आणि इतर संकुलांत मिळून महापालिकेच्या मालकीच्या दोन हजारांहून जास्त गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. दुकानं चालूच राहिली. नवं भाडं किती, थकबाकी कशी मोजायची, नूतनीकरण की लिलाव, यावर वर्षानुवर्षं वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. व्यापाऱ्यांचीही पोटापाण्याची बाजू होती, ती नाकारता येत नाही. पण महापालिकेसारख्या मालकाची ही गत, तर आपण एका फ्लॅटवाल्यांनी "ओळखीचाच माणूस आहे" म्हणून तोंडी ठरवावं का? म्हणून भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, अनामत कशातून कापणार, सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

प्राप्तिकराचं थोडक्यात. मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के सूट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो. आपल्या उदाहरणात ९९,००० मधून ८,००० गेले, ९१,००० वर २७,३०० सूट, म्हणून ६३,७०० रुपये उत्पन्नात धरायचे. सोसायटीचा खर्च वेगळा वजा होत नाही.

एक चूक माझी स्वतःची. पहिल्या भाडेकरूला चावी देताना मी वीज मीटरचं रीडिंग लिहून घेतलं नव्हतं. तो गेल्यावर आलेलं बिल मीच भरलं. आता चावी देताना आणि परत घेताना दोघं मिळून मीटरचा फोटो काढतो, भिंती-नळ-पंखे पाहतो आणि त्याच कागदावर दोघांच्या सह्या घेतो.