सात लाख सह्या

सही शिकल्यावर माणूस ती कुठे करतो? पगाराच्या पुस्तकावर, पोराच्या प्रगतिपुस्तकावर. आज आपण वेगळ्या सह्यांची हकीकत वाचू. ती ब्रिटनमधली आहे.

ब्रिटनच्या उत्तर भागाला स्कॉटलंड म्हणतात. तिथे डनब्लेन नावाचे लहान गाव आहे. १३ मार्च १९९६ची सकाळ. शाळा नुकतीच भरली होती. पहिलीची मुले व्यायामाच्या दालनात जमली होती. पाच-सहा वर्षांची पोरं ती. एक माणूस चार पिस्तुले घेऊन आत शिरला. तीन-चार मिनिटांत त्याने सोळा मुले आणि त्यांच्या बाई यांना ठार केले. मग स्वतःवर गोळी झाडून घेतली.

ही पिस्तुले चोरीची असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. त्याच्याजवळ सरकारी परवाना होता. आणखी ऐका. याचा परवाना काढून घ्यावा, असे एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ सालीच वरिष्ठांना लिहून कळवले होते. कागद वर गेला. परवाना तसाच राहिला.

तेव्हा तिथल्या लोकांनी एक अर्ज लिहिला. खाजगी माणसाजवळ पिस्तूल नको, एवढीच मागणी. मुले गेली त्या दिवसांत तिकडे एक लहान पांढरे फूल फुलते. त्याला स्नोड्रॉप म्हणतात. तेच नाव अर्जाला दिले. गावोगाव माणसे सह्या करू लागली. सात लाखांच्या वर सह्या झाल्या!

नेमबाजीचे शौकीन रागावले. एकाने गुन्हा केला, शिक्षा आम्हा सर्वांना का, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही. पण पिस्तूल कोटाखाली लपते, आणि गोळी सुटल्यावर ती परत घेता येत नाही. छंद सोडावा लागला तरी चालेल, असेच आम्हीही म्हणू.

१९९७ साली दोन कायदे झाले. पहिल्याने मोठी पिस्तुले बंद केली. मग सरकार बदलले आणि दुसऱ्या कायद्याने लहानही बंद झाली. लोकांनी दीड लाखांहून जास्त पिस्तुले पोलिसांकडे जमा केली. त्यांना भरपाई मिळाली. त्यानंतर ब्रिटनमधल्या शाळेत असे हत्याकांड झालेले नाही.

पण छऱ्याची बंदूक परवान्यावर मिळतच राहिली. २०२१ साली प्लिमथ शहरात एकाने तिने पाच जणांना मारले. त्यांत तीन वर्षांची एक मुलगी होती. मारहाणीमुळे त्याची बंदूक पोलिसांनी काढून घेतली होती, आणि महिनाभर आधी परत दिली होती! पुन्हा तेच झाले की नाही? म्हणून आमचे म्हणणे, नुसता कायदा करून भागत नाही. परवाना देणाऱ्याचे हातही कायद्याने बांधले पाहिजेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने पोलिसांना नवा नियम घालून दिला. अर्जदाराच्या प्रकृतीची माहिती डॉक्टरकडून आल्याशिवाय परवाना द्यायचा नाही. एवढी साधी चौकशी सक्तीची व्हायला २०२१ साल उजाडले.