अक्षरमाला-शोध
दिलेल्या मजकुरात विशिष्ट अक्षरमाला कोठे आढळते, हे संगणकाने शोधण्याची प्रक्रिया. सरळ पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक स्थानापासून तुलना केली जाते. मजकूर 'न' व शोधमाला 'म' वर्णांची असल्यास तुलनांची संख्या न × म च्या घरात जाऊ शकते. क्नूथ, मॉरिस व प्रॅट यांच्या पद्धतीत (१९७७) ती न + म च्या प्रमाणात राहते. बॉयर व मूर यांच्या पद्धतीत (१९७७) तुलना शोधमालेच्या शेवटाकडून होते व जुळणी अशक्य असलेली स्थाने ओलांडली जातात.

शोधमाला आज्ञावलीतच लिहिलेली असल्यास ती संकलकाला म्हणजे कंपायलरला आधीच ज्ञात असते. माला एकाच बाइटची असेल, तर आधुनिक संकलक सामान्य शोधफलनाऐवजी अधिक वेगवान बाइटशोध योजतात. मजकूरही ज्ञात असल्यास उत्तर संकलनाच्या वेळीच काढता येते.

देवनागरीत वेगळी अडचण उद्‌भवते. मराठवाड्यातील 'बीड' या जिल्ह्याच्या नावात ब, ी व ड अशी तीन चिन्हे आहेत. भारतीय मानक आयएस १३१९४ (१९९१) नुसार त्यांना तीन बाइट पुरतात. यूटीएफ-८ मध्ये नऊ लागतात आणि प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ हाच असतो. त्यामुळे केवळ पहिल्या बाइटवरून स्थान हेरणारे फलन मराठी मजकुरात जवळजवळ प्रत्येक चिन्हापाशी अडते. चिन्हाचा तिसरा बाइट आधी तपासल्यास हा व्यर्थ खर्च बराच घटतो. तथापि वेगासाठी केलेल्या बदलाने उत्तर बदलता कामा नये. अन्यथा यादीत असलेले नाव संगणक नाही म्हणून सांगेल.